सावलीतली सेंद्रिय कॉफी घ्यायचीय? मग पाकिटावर काय बघायचं आणि दुकानदाराला काय विचारायचं

पाकिटावर "शेड ग्रोन", म्हणजे सावलीत वाढलेली, असं लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं आणि आपण दोनशे रुपये जास्त देऊन ते पाकीट उचलतो. पण भारतातली जवळजवळ सगळीच कॉफी झाडांच्या सावलीत वाढते. ब्राझीलमध्ये उघड्या माळावर कॉफीच्या रांगा लावून मशीनने तोडणी करतात, व्हिएतनाममध्येही बरीचशी उन्हातच आणि भरपूर खतपाणी देऊन, आपल्याकडे ती पद्धत कधी फारशी रुजलीच नाही. म्हणजे पाकिटावरचं ते वाक्य खोटं नसतं, पण त्यातून नवीन काही कळतही नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे, सावली कुठल्या झाडांची? आणि सेंद्रियचा मुद्दा वेगळा, तो सावलीत आपोआप येत नाही. हे दोन प्रश्न नीट विचारता आले की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सावलीने नेमकं काय होतं ते

कॉफीचं झाड मुळात जंगलातलं. आपल्याकडे तिच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा, त्यातली अरेबिका तर इथिओपियाच्या डोंगरातल्या मोठ्या झाडांखालची. तिला १५ ते २५ अंश तापमान आवडतं, म्हणून आपल्याकडे ती साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर लावतात आणि रोबस्टा त्याच्या खाली. कोडगू (म्हणजेच कूर्ग), चिकमगळूर, हासन, वायनाड, हा सगळा पट्टा आपल्याच सह्याद्रीचा दक्षिणेकडचा भाग आहे. तिथे कॉफी लावताना जुन्या लोकांनी जंगल पूर्ण साफ केलं नाही, मोठी झाडं ठेवली आणि खालची झुडपं काढून कॉफी लावली. उंबर, फणस, शिसम, जांभूळ, नाणा अशी उंच झाडं वर आणि त्याच्या खाली पांगारा, म्हणजे दोन मजली सावली. पांगारा शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र सोडतो, त्याची छाटणी करून पाला खाली टाकला की तेच खत. आणि मोठ्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले, म्हणजे एकाच जागेत कॉफी, मिरी, फणस, कुठे संत्री, कुठे वेलची.

अशा बागेत धनेश येतो, कारण त्याला उंबर, वडाची फळं लागतात आणि घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते. आपलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ते तिथल्या जुन्या कॉफीबागांमध्ये झाडावरून झाडावर जाताना दिसतं कारण त्याला जमिनीवर न उतरता जायला वरच्या फांद्या सलग जुळलेल्या पाहिजेत. उदमांजर पिकलेली कॉफीची फळं खातं. रोबस्टाला परागीभवन लागतं, अरेबिकासारखं तिचं स्वतःचं स्वतः भागत नाही, आणि ते काम आग्या माशा करतात, आणि आग्या मोहोळ लटकतं कुठे तर उंच जुन्या झाडांच्या फांद्यांवर. म्हणजे झाड तोडलं की मधमाशी गेली आणि पीकही घटलं, हा हिशोब बागायतदाराच्याही फायद्याचाच आहे.

कोडगूमध्ये देवरकाडू म्हणून जंगलं आहेत, अगदी आपल्या देवराया. हजाराच्या वर आहेत, पण बऱ्याचशा लहान लहान, तुटक. दोन देवरायांच्या मध्ये जर देशी झाडांची कॉफीबाग असेल तर पक्षी, प्राणी, बिया ये-जा करू शकतात, आणि मध्ये उजाड किंवा एकाच जातीच्या झाडांची बाग असेल तर ती देवराई बेट होऊन बसते. मला सावलीच्या कॉफीचं सगळ्यात मोठं महत्त्व इथे वाटतं. अभयारण्याच्या बाहेर, लोकांच्या खासगी जमिनीवर, एवढं झाडोऱ्याचं क्षेत्र शिल्लक राहिलंय ते कॉफीमुळे. ती बाग तोट्यात गेली तर मालक तिथे दुसरं पीक लावेल किंवा प्लॉट पाडून रिसॉर्ट बांधेल, म्हणून त्याला चांगला भाव मिळणं गरजेचं आहे.

आणि पाणी. कावेरी तिथेच तलकावेरीला उगम पावते, त्या भागात पाऊस आपल्या महाबळेश्वर-आंबोलीच्या जातीचा. उतारावर पडणारा तो पाऊस आधी वरच्या पानांवर, मग खालच्या पानांवर, मग कॉफीवर आणि मग पालापाचोळ्याच्या जाड थरावर पडतो, त्यामुळे माती जागेवर राहते आणि पाणी मुरतं. उघड्या उतारावर तोच पाऊस माती घेऊन ओढ्यात जातो.

किडीचंही सांगते कारण इथे सावली आणि सेंद्रिय एकमेकांना जोडले जातात. अरेबिकाचा मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा, व्हाइट स्टेम बोरर. त्याचा भुंगा ऊन पडलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालतो, अळी आत बोगदे पाडते आणि झाड वाळतं, मग उपटून जाळण्याशिवाय इलाज राहत नाही. सावली विरळ केली की हा वाढतो. पूर्वी खोडांना लिंडेनसारखी विषारी औषधं चोपडायचे, आता त्यावर बंदी आहे. दाट सावली ठेवणाऱ्याला मुळात औषधाची गरजच कमी पडते. अर्थात सावली फार गच्च झाली तर बुरशी वाढते आणि फुलोरा कमी येतो, म्हणून दरवर्षी फांद्या छाटून उजेड जुळवावा लागतो, ते कौशल्याचं काम आहे आणि त्याला मजुरी लागते.

सिल्व्हर ओकचा प्रश्न

आता खरी अडचण. गेल्या काही दशकांत जुनी देशी झाडं जाऊन त्या जागी सिल्व्हर ओक लावला गेलाय. हे झाड मूळ ऑस्ट्रेलियाचं, सरळसोट आणि भराभर वाढतं, मिरीचा वेल मस्त चढतो, लाकूड प्लायवूडला विकलं जातं आणि महत्त्वाचं म्हणजे ते तोडायला देशी झाडांसारख्या परवानग्यांच्या भानगडी नाहीत. स्वतःच्या जमिनीतला शिसम तोडायला कागदांच्या मागे फिरावं लागतं आणि ओक कधीही तोडता येतो, मग शेतकरी काय लावणार? त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण धनेशाला ओकची फळं खाता येत नाहीत, त्याला ढोल्या नसतात, आणि एकाच जातीच्या रांगा म्हणजे लांबून हिरवं दिसलं तरी आत फार काही राहत नाही. अशा बागेची कॉफीसुद्धा व्यवहारात "शेड ग्रोन"च असते.

त्यात अजून एक, रोबस्टा अरेबिकापेक्षा जास्त ऊन सहन करते आणि जास्त पीक देते, आणि २०२४ मध्ये रोबस्टाचे भाव जगभर विक्रमी झाले. मग अरेबिका काढून रोबस्टा लावायची, सावली मोकळी करायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यासाठी ओढ्या-तळ्यातलं पाणी उचलून स्प्रिंकलर चालवायचे, हा मोह मोठा आहे. म्हणून रोबस्टा वाईट असं अजिबात नाही, देशी झाडांखालची उत्तम रोबस्टा मिळते, फक्त विचारून घ्यायची.

सेंद्रिय म्हणजे नक्की काय

सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत नाही, रासायनिक कीटकनाशक नाही, तणनाशक नाही. कॉफी बहुवार्षिक पीक असल्यामुळे राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे, ज्याला एनपीओपी म्हणतात, रूपांतराला ३ वर्षं लागतात. त्या ३ वर्षांत उत्पन्न घटू शकतं आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, म्हणून कोणी हे करत असेल तर त्याला भाव जास्त द्यावा लागणारच.

बोर्डो मिश्रण सेंद्रियमध्ये चालतं, मर्यादेत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, मोरचूद आणि चुना, कॉफीत ते तांबेऱ्यासाठी मारतात. पण तांबं जमिनीत साठत जातं, म्हणून सेंद्रिय म्हटलं की फवारणी शून्य असं समजू नका, शेतकऱ्याने प्रामाणिकपणे "बोर्डो मारतो" सांगितलं तर ती चांगली खूण समजा.

आता सावली आणि सेंद्रिय यांचं गणित असं: ओकच्या रांगांखाली शेणखत घालून पिकवलेली कॉफी पूर्ण सेंद्रिय असू शकते. आणि चाळीस जातींच्या झाडांखालच्या बागेत पोत्याने युरिया पडत असू शकतो. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळाल्या तर उत्तमच, पण एकच मिळत असेल तर मी स्वतः आधी झाडं बघते, कारण खत पुढच्या वर्षी बदलता येतं, शंभर वर्षांचा उंबर पुढच्या वर्षी आणता येत नाही. यावर वेगळं मत असू शकतं, ज्यांच्या गावच्या ओढ्यात ते रसायन उतरतं ते आधी सेंद्रिय म्हणतील आणि त्यांचंही बरोबरच आहे.

पाकीट हातात घेतल्यावर

पहिल्यांदा गावाचं किंवा इस्टेटचं नाव शोधा. "साउथ इंडियन ब्लेंड" एवढंच असेल तर पुढे काही शोधता येत नाही. कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाचांना २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यातून प्रदेश कळतो, पण जीआय म्हणजे सेंद्रिय नाही आणि सावलीची हमीही नाही.

मग शिक्का. इंडिया ऑरगॅनिक किंवा पीजीएस-इंडिया हे सेंद्रियचे सरकारी शिक्के, बऱ्याच पाकिटांवर सोबत जैविक भारतचा लोगोही असतो. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासायची पद्धत, लहान शेतकऱ्याला परवडते, तिला कमी लेखू नका. "केमिकल फ्री", "प्युअर", "इको" असं नुसतं छापलेलं असेल तर त्याच्यामागे कोणी तपासणी केलेली नसते. "नॅचरल" शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते, कॉफीत नॅचरल म्हणजे फळ न सोलता तसंच उन्हात वाळवलेलं, त्याचा सेंद्रियशी काही संबंध नाही.

पण हीच माहिती पाण्यासाठी उपयोगाची आहे. वॉश्ड कॉफीत फळ सोलून, बुळबुळीत गर धुऊन काढतात, त्याला भरपूर पाणी लागतं आणि ते साखरेचं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. नॅचरलला जवळजवळ पाणी लागत नाही, हनी प्रोसेसला, म्हणजे फळ सोलून गर न धुता वाळवतात त्याला, कमी लागतं. आपल्याकडच्या जुन्या नावांत "प्लांटेशन" म्हणजे वॉश्ड अरेबिका, "पार्चमेंट" म्हणजे वॉश्ड रोबस्टा आणि "चेरी" म्हणजे न धुतलेली. प्लांटेशन ए, पीबी असं काही लिहिलेलं असतं ते ग्रेड आहेत, म्हणजे दाण्याचा आकार. वॉश्ड घेऊ नका असं मी म्हणत नाही, चवीला ती स्वच्छ लागते आणि बऱ्याच इस्टेटी पाणी शुद्ध करून परत बागेला देतात, फक्त ते विचारायचं.

चिकोरी बघा, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पावडर. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी गुजरात, उत्तर प्रदेशात उघड्या शेतात होते, तिला सावलीबिवली काही नसते. ७०-३० ची (७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी) सवय असेल तर एकदम बंद करायची गरज नाही, शुद्ध सेंद्रिय पावडर आणा आणि चिकोरी वेगळी आणून घरी आधीपेक्षा निम्मी घाला, जिभेला जमतं.

दुकानदाराला किंवा रोस्टरला (कॉफी भाजून विकणाऱ्याला) मेसेज असा टाका

"नमस्कार, ही कॉफी कुठल्या गावातल्या बागेची आहे? तिथे सावलीला कोणती झाडं आहेत, सिल्व्हर ओक किती आणि देशी झाडं किती? तणनाशक मारतात का? पल्पिंगचं (फळ सोलण्या-धुण्याचं) पाणी कुठे जातं? सेंद्रिय प्रमाणपत्र नसेल तर खत कोणतं वापरतात?"

उत्तर आलं की त्यात झाडांची नावं आहेत का बघा. ज्याने बाग पाहिली आहे तो लगेच सांगतो, "वर उंबर, फणस, खाली पांगारा, कडेला ओक आहे थोडा". ज्याने व्यापाऱ्याकडून पोतं घेतलंय तो "१०० टक्के शेड ग्रोन सर" म्हणतो. थोडा ओक असणं गुन्हा नाही, बहुतेक सगळ्यांकडे असतो. आणि प्रमाणपत्र नसलेल्या लहान शेतकऱ्याला नुसत्या कागदावरून नाकारू नका, प्रमाणपत्राचा दरवर्षीचा खर्च आणि नोंदवह्या दोन-तीन एकरवाल्याला झेपत नाहीत, त्याने खतांचं, तणांचं नीट उत्तर दिलं तर माझ्या मते घ्यायला हरकत नाही.

शोध सुरू करायला दोन जागा सांगते. आंध्रातलं अराकू खोरं, पूर्व घाटात, तिथे आदिवासी शेतकरी लहान लहान तुकड्यांवर कॉफी करतात, पोडू म्हणजे जंगल जाळून फिरती शेती करण्याला पर्याय म्हणून ती तिथे वाढली आणि बरीच प्रमाणित सेंद्रिय आहे, अर्थात तिथे सावलीला सिल्व्हर ओक भरपूर आहे, हे माहीत असू दे. आणि कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातच, देशी झाडांखाली कॉफी करतात. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा, मेळघाटात, इंग्रजांच्या काळापासूनची लागवड, तिकडे जाणं झालं तर स्थानिक पावडर नक्की विचारा.

कूर्ग-चिकमगळूरला फिरायला गेलात तर

पुण्या-मुंबईहून इतके लोक तिकडे जातात आणि येताना रस्त्यावरच्या मसाल्याच्या दुकानातून कॉफी घेऊन येतात, त्यापेक्षा होमस्टेच्या मालकाला बाग दाखवायला सांगा. आधी वर बघा, झाडांची पानं, सालं वेगवेगळी आहेत की सगळीकडे एकच राखाडी सरळ खोड? मग खाली बघा, पायाखाली पाल्याचा थर असेल आणि पाय किंचित दबत असेल तर माती जिवंत आहे. कॉफीच्या ओळींमध्ये गवत पिवळं करपून पडलेलं आणि जमीन उघडी दिसली तर तणनाशक मारलंय, हाताने किंवा मशीनने कापलेलं गवत बुडापासून हिरवं असतं. वाळकी झाडं उभी ठेवलेली असली तर फारच चांगलं, सुतारपक्षी आणि घुबडं त्यातच राहतात. नोव्हेंबर ते जानेवारी अरेबिकाची तोडणी असते आणि साधारण मार्चपर्यंत रोबस्टाची, त्या दिवसांत ओढ्याला आंबूस वास आणि तपकिरी फेस दिसतो का तेही बघा.

तिथे उदमांजराच्या विष्ठेतली कॉफी विकतात, ती घेऊ नका. जंगलातून वेचली म्हणतात, पण या महागड्या कॉफीसाठी इंडोनेशियात उदमांजरं पिंजऱ्यात कोंडून नुसती फळं खायला घालतात हे जगाला माहीत आहे, आणि आपण मागणी वाढवली की इथेही तेच होणार.

परदेशात राहणाऱ्यांसाठी काम थोडं सोपं आहे. अमेरिकेत स्मिथसोनियन या संशोधन संस्थेचा "बर्ड फ्रेंडली" शिक्का मिळतो, त्याच्या अटी कडक आहेत, कॉफी सेंद्रिय असलीच पाहिजे, सावली कमीत कमी ४० टक्के, वरची झाडं किमान १२ मीटर उंच आणि दहापेक्षा कमी जाती चालत नाहीत. म्हणजे आपण वर जे प्रश्न विचारतोय ते तिथे आधीच तपासलेले असतात. रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेचा बेडकाचा शिक्का त्यापेक्षा सैल आहे, त्याला सेंद्रियची अट नाही.

पैशाचं

अशी कॉफी २५० ग्रॅमला साधारण ४०० ते ७०० रुपयांना पडते. महाग वाटतं, पण ५०० चं पाकीट धरलं आणि कपाला १५ ग्रॅम घातली तरी कप ३० रुपयांना पडला, स्टीलच्या फिल्टरमध्ये दाट काढून दूध घालणाऱ्यांना त्याहून कमी. कॅफेत एका कपाला किती देतो ते आठवा. परवडत नसेल तर रोजची इन्स्टंट चालू ठेवून रविवारची कॉफी तेवढी बदला, तेही चालेल. आणि एकदा चांगली बाग सापडली की दरवर्षी तिथूनच घ्या, बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांनी मिळून मागवा. दाणे घेतले तर जास्त टिकतात, पावडर असेल तर तीन-चार आठवड्यांत संपेल एवढीच आणा.

घरी फिल्टर स्टीलचा वापरला की कागद लागत नाही, कॅप्सूलवाली मशीन टाळा, प्रत्येक कपामागे एक डबी कचऱ्यात जाते. उरलेला चोथा कुंडीत थेट जाड थराने टाकू नका, त्याची पपडी होऊन पाणी मुरत नाही, सुका पालापाचोळा मिसळून कंपोस्टच्या बादलीत घाला, गांडूळ असतील तर त्यांनाही थोडा थोडा चालतो.